फुगवट्यात सोडलेले दोन मासे

बायकोच्या तेराव्यानंतर मी घरातला फिशटँक रिकामा केला. त्याच्या पंपाची गुरगुर मला सहन होत नव्हती. ती शाळेत शिकवायची. संध्याकाळी वह्या तपासता तपासता ती त्या माशांशी बोलायची. ते बोलणं थांबलं आणि मागे नुसता पंप उरला.

सोनेरी मासे शेजाऱ्यांनी नेले. काचेला तोंड चिकटवून शेवाळ खाणारे दोन काळे मासे मात्र कोणी नेईना. ती त्यांना ‘सफाई कामगार’ म्हणायची. आणले तेव्हा बोटाएवढे होते, नंतर वीतभर झाले. एकाच्या शेपटीचं वरचं टोक तुटलेलं होतं. अंगाला हात लावला तर वाळलेल्या चिंचेच्या खोडासारखं खरखरीत लागायचं.

दहाव्याला घाटावर भाताचे गोळे पाण्यात सोडले, तेव्हा मासे वर येऊन ते खाऊन गेले होते. भटजी म्हणाले, तिच्या नावानं मुक्या जिवाचं पोट भरलं, चांगलं झालं. ते माझ्या मनात राहिलं असावं. मुक्या जिवाला मोकळं केलं तर आणखी चांगलं, असं मला वाटलं. झाकणाच्या बादलीत ते दोघे घालून मी शिरूरहून स्कूटरवर घोड धरणाच्या फुगवट्यावर गेलो आणि एका वाकड्या बाभळीखाली त्यांना पाण्यात सोडलं. क्षणभर ते उथळात तसेच थांबले, मग दिसेनासे झाले. मला बरं वाटलं. या सगळ्यात मला जास्त भीती त्या बरं वाटण्याचीच वाटते.

मी दौंडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. काही महिन्यांनी, त्या माशांचं खरं नाव तरी माहीत असावं म्हणून मी माशांवरचं एक जाड पुस्तक काढलं आणि कपाटापाशी उभ्यानंच वाचू लागलो. चित्र तेच होतं. खाली लिहिलं होतं, की हा मासा दूरदेशीचा आहे. मोकळ्या पाण्यात सुटला तर काठात बिळं करून अंडी घालतो, नर बिळाच्या तोंडाशी राखण करतो, आणि इथल्या माशांना खायला आणि वाढायला जागा उरत नाही. मी पुस्तक मिटलं. सगळ्या नोकरीत मी एकदाच एक पुस्तक मुद्दाम चुकीच्या जागी ठेवलं आहे. ते हे.

फुगवट्यावर मासे धरणारे एक आप्पा आहेत. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकतात. त्यांची नात बायकोच्या वर्गात होती, त्यामुळे दर रविवारी मासे त्यांच्याकडूनच यायचे. ती गेल्यावरही मी जात राहिलो. मासे घ्यायला म्हणून जायचो, पण खरं तर काय सापडलं ते ऐकायला.

“चिलापी हाय. दोन कटलं. मरळ न्हाई.”

“का हो नाही?”

“मरळीला इचारा.”

मरळ नाही, वाम नाही, असं ते म्हणाले की मला पुस्तकातलं ते पान आठवायचं. पाणी कमी आहे म्हणून असेल, जाळी फार झाली म्हणून असेल, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. असं करता करता तीन वर्षं गेली.

या आषाढात आप्पा बाभळीखाली फाटलेलं जाळं शिवत बसले होते.

“या, सर. बघा काय उद्योग करून ठिवलाय.”

“कशानं फाटलं?”

“काय की ओ. काळं, खरबरीत, काटंच काटं. जाळं कापून काढावं लागलं. सून म्हणली, मगरीचं पिल्लू हाय, मामा, घरात आणू नका!” ते मोठ्यानं हसले.

“मग?”

“मग काय, सोडलं. प्वाट तट्ट फुगलेलं. पोटुशी व्हती.”

आप्पांचा हा वडिलांपासूनचा नेम आहे. आषाढात गाभोळीची मासळी सापडली की ती कपाळाला लावायची आणि परत पाण्यात सोडायची. मी कितीतरी वेळा पाहिलं होतं, आणि मला ते आवडायचं.

“शेपटी कशी होती तिची? वरचं टोक तुटलेलं होतं का?”

“सर, मासा बघताय का स्थळ?”

मला हसू आलं नाही. गप्प राहिलो असतो तर पुढची पोटुशीही त्यांनी कपाळाला लावून सोडली असती.

“आप्पा, ती मी सोडली होती. आमच्या टँकमधली. बाईंची.”

त्यांचा हात थांबला. “कवा?”

“ती गेली तेव्हा.”

“किती?”

“दोन. काठात बिळं करतात. बाकीच्या माशांना राहू देत नाहीत. मला माहीत होतं. म्हणजे, नंतर कळलं. तरी बोललो नाही.”

त्यांनी दातानं दोरा तोडला.

“आन् मी पाया पडून सोडली तिला.” ते उठले. “दावा. कुठं सोडली व्हती?”

“इथंच. या झाडाखाली.”

धरण अजून भरलं नव्हतं. बाभळीच्या मुळांखाली काठ उघडा पडला होता, आणि पाण्याच्या रेघेवर चिखलात भोकं होती. मी मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो.

“खेकड्याची बी आसत्यात,” आप्पा म्हणाले. पण हात त्यांनी घातला नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, “घाला की, सर. तुमच्या घरचीच हायती.”

मी चष्मा खिशात ठेवला, बाही वर केली आणि चिखलात गुडघे टेकले. हात कोपरापर्यंत आत गेला. आत पाणी गार होतं. मग बोटांना काहीतरी लागलं, खरखरीत, आणि ते हललं. टँक धुताना तो स्पर्श हाताला शंभरदा झाला होता. हात मागे घ्यावा, काही नाही म्हणावं, घरी जावं, असं सगळं एकदम मनात आलं.

“लागलं का काय?”

“हो.”

“मग धरा घट्ट,” आप्पा माझ्याशेजारी चिखलात बसत म्हणाले. “आता सोडू नका.”