वळकटीची दोरी आणि दाराचा पडदा

एका रविवारी बाबा मला घरी न्यायला राणीसावरगावला आले होते. कायमचं न्यायला... त्या दिवसाची ही गोष्ट.

सत्तरच्या दशकातली. मी वीस वर्षांची, शाळेत नवीकोरी मास्तरीण. आमच्या घरात पगाराची नोकरी करणारी पहिली मी, आणि परगावी एकटी राहणारीही पहिलीच. आई रडली. बाबांनी अट घातली... महिनाभर बघू. माणसासारखं राहता आलं तर ठीक, नाहीतर येऊन घेऊन जाईन.

तीन घरांनी माझं आडनाव विचारलं आणि खोली कालच दिली म्हणून सांगितलं. चौथ्या ठिकाणी जी मिळाली ती थेट एसटी स्टँडसमोर. खिडकी नाही, एकच दार. दार लावलं की आत अंधारगुडुप, उघडलं की गंगाखेडच्या गाडीतली सगळी माणसं माझी भाकरी करपते का ते बघणार!

म्हणजे पडदा हवाच. पहिला पगार अजून लांब होता, त्यामुळे कापड विकत घ्यायचा विषयच नव्हता. पण शाळा नुकत्याच उघडलेल्या, आणि स्टँडजवळच्या करीमचाचांच्या टेलरिंगच्या दुकानात ड्रेस शिवायची नुसती झुंबड उडालेली. मशीनखाली कात्रणांचा ढीग... पांढरं, खाकी, निळं. शिवाय पैसेवाल्यांच्या पँटींचं टेरिकॉट. त्याचं तेव्हा काय कौतुक! गावातल्या बायका वाकळीसाठी ही कात्रणं न्यायच्या. मीही नंबर लावला.

चाचांनी पिशवी भरून दिली आणि वर सल्लाही दिला. "मास्तरीणबाई, सुती हाय ते पयलं भिजवा, वाळवा, मंग शिवा." मी मान डोलावली... आणि ऐकलं काहीच नाही. त्या ढगाळ हवेत चिंध्या वाळवत कोण बसणार? मला घाई होती.

रोज शाळा सुटली की उजेड असेपर्यंत दारात बसून हाताने शिवायचे. निळ्याशेजारी पांढरं, खाकीशेजारी टेरिकॉट. अगदीच बारीक चिंध्या उरल्या त्या भरून एक उशीसुद्धा केली. पडदा दाराला लावला तेव्हा रस्त्यावर जाऊन तो कसा दिसतो ते दहा वेळा बघून आले. खरं सांगते, नोकरीची ऑर्डर हातात आली तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

महिना भरत आला आणि बाबांचं कार्ड आलं. रविवारी येतो.

नेमका शुक्रवारी एका गाडीने पडद्यावर चिखल उडवला. बाबांना मळका पडदा दिसायला नको म्हणून मी शनिवारी तो खसाखसा धुतला. रविवारी सकाळी वाळल्यावर बघते तर काय... सुती तुकडे आटलेले, टेरिकॉट जसंच्या तसं! जागोजागी चुण्या आणि फुगे. एक बाजू उंबऱ्यापासून वीतभर वर, दुसरी पार गुडघ्याला. तरी तसाच लावला. दुसरं होतं काय?

अकराच्या गाडीने बाबा उतरले. चारठाण्याकडच्या आमच्या गावाहून निघालेले, वाटेत एक मुक्काम झालेला. हातात कापडी पिशवी, आणि तिच्यातून डोकावणारी काथ्याची नवीकोरी दोरी. ती कशासाठी हे कुणी सांगायची गरज नव्हती... माझी वळकटी बांधायला.

पडद्याखालून माझा स्टोव्ह, ताटली, अंथरूण सगळं दिसत होतं. बाबा रस्त्यातच थांबले. "असं उघड्यावर ऱ्हायलीस व्हय, शालू?"

मला काय झालं कोण जाणे. पडदा खसकन ओढून काढला, ब्लेड घेतलं आणि उंबऱ्यात बसून उसवायला सुरुवात केली. "चुकलंय माझं. मीच नीट करते. तुमी बसा बाबा." आवाज रडवेला होता, पण हात थांबला नाही. रडत रडत का होईना, मला तिथंच राहायचं होतं.

बाबा रस्त्यातून उंबऱ्याशी आले. मग टोपी काढून बाजूला ठेवली, माझ्याशेजारी टेकले आणि पडद्याचं दुसरं टोक मांडीवर ओढलं.

"अजून एक ब्लेड हाय का?"

दुसऱ्याच्या शेतात राबून जाड झालेली ती बोटं... पण टाका इतका अलगद तोडायचे की कापडाला ओरखडा नाही. लहानपणी आजीच्या जुन्या वाकळी उसवायचं काम त्यांच्याकडेच असायचं म्हणे. मला हे माहीतच नव्हतं. दुपारपर्यंत सुती एकीकडे आणि टेरिकॉट एकीकडे, असे दोन ढीग झाले.

सुती तुकडे आता जेवढे आटायचे तेवढे आटून झाले होते. दोन्ही ढीग घेऊन मी चाचांकडे गेले. "सांगितल्तं का न्हाई?" असं म्हणून चाचा पोटभर हसले आणि हातातला सदरा बाजूला ठेवून त्यांनी सगळं मशीनवर जोडून दिलं. खाली उंची भरायला टेरिकॉटची रुंद पट्टी.

पडदा लावला, पण नव्या पट्टीच्या वजनाने दारावरच्या खिळ्यांना बांधलेली माझी सुतळी मधोमध झोळ खाऊ लागली. बाबांनी वर बघितलं. पिशवीतली दोरी काढली, या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत ताणून घट्ट बांधली आणि उरलेली कापून टाकली. पडदा बरोबर उंबऱ्याला टेकला.

पाचच्या गाडीने बाबा एकटेच गेले. खिडकीतून म्हणाले, "तुझ्या मायला सांगतो, पोरीनं घर केलंय."

पुढे बदल्या झाल्या, गावं बदलली, पडदे तर किती बदलले. नव्या घरात शिरल्यावर आधी तीच दोरी बांधायचे. बाबांनी ती कशासाठी आणली होती हे मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

थँक्यू बाबा... त्या दिवशी रिकामी पिशवी घेऊन परत गेलात म्हणून.