आईच्या घेवड्याचे दोन डबे

गल्लीत त्याला सगळे ‘हवामान खातं’ म्हणत. तोंडावर नुसतंच ‘खातं’. तीस वर्षं बियाण्यांच्या दुकानात तराजूमागे उभा राहून तो निवृत्त झाला आणि दुसऱ्याच दिवशी शाळेनं टाकून दिलेला एक फळा आणून त्यानं गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर ठोकला. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी त्यावर खडूनं बागेची सूचना लागे. ‘थंडीत खत बंद. झाड झोपलंय, झोपलेल्याला भरवू नका.’ ‘गुलाब डोळ्याच्या वर छाटा, काप तिरका.’ ‘पाऊस थांबला म्हणून लगेच माती उकरू नका, आठ दिवस वाळू द्या.’ लोक टिंगल करत आणि मुकाट्यानं तसंच करत.

बोलायच्या बाबतीत मात्र गडी महाकंजूष. जे सांगायचं ते फळ्यावर. बायको गेली त्या सोमवारी फळ्यावर एवढंच होतं : ‘नाजूक कुंड्या सावलीत घ्या.’ गल्लीला काय समजायचं ते समजलं. फक्त त्याची ताई चिडली. ती त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, गल्लीच्या शेवटच्या घरात राहणारी. म्हणाली, “धाकट्या, माणसांशी बोलावं रे कधीतरी. भिंतीशी काय बोलतोस?”

ताईचं आणि त्याचं एकच सामाईक धन होतं, आईचा घेवडा. काळा दाणा, पोटाशी पांढरा ठिपका. बाजारात मिळत नाही, दुकानात तीस वर्षांत त्यानं दुसरीकडचा एकदाही पाहिला नाही. आई गेली तेव्हा दागिन्यांवरून भांडायला दागिनेच नव्हते. जायच्या आधी तिनं दोघांना एकेक पत्र्याचा डबा दिला, राखेत घोळवलेल्या दाण्यांचा, आणि बजावलं : दोन घरं, दोन डबे. दोन्ही एकाच वर्षी रिकामे करायचे नाहीत. एकाचं पीक गेलं तर दुसऱ्यानं मूठभर द्यायचं. तीन-चार वर्षांत दाणा म्हातारा होतो, म्हणून पेरत राहायचं, पण सगळं कधीच पेरायचं नाही. चाळीस वर्षं हे बिनबोभाट चाललं.

गेल्या वर्षी खात्याच्या घेवड्यावर मावा पडला आणि पीक गेलं. डब्यातल्या जुन्या दाण्यांना भुंगा लागला. निवडून निवडून चार दाणे धड निघाले. ताईकडे जाऊन मूठभर मागायचं, एवढंच काम होतं. पण गल्लीभर सूचना वाटणाऱ्यानं ‘माझ्या डब्याला भुंगा लागला’ हे कुठल्या तोंडानं सांगायचं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. गेला नाही. आणि ताईला वाटत राहिलं की धाकट्याचा डबा भरलेला आहे.

यंदा थंडी सरायच्या आधीच ऊन तापायला लागलं. त्याच आठवड्यात खेळाच्या मैदानाचं गवत कापलं गेलं, आणि मैदान राखणारा माणूस वाळल्या गवताची पोती फुकट देऊ लागला. फुकट ते पौष्टिक. गल्लीनं हातगाडी काढली. समोरचा शिंपी दुकानाच्या पायरीवरून ओरडला, “खातं, गवत तर आणलं. आता हुकूम सोडा!”

खात्याच्या वहीत त्याच्याच अक्षरात एक नियम होता : नवं खत किंवा नवं गवत आलं की आधी ते एका कुंडीत मातीत मिसळायचं, चार दाणे पेरायचे आणि तीन आठवडे वाट बघायची. रोप सरळ वाढलं तरच बाकीच्यांना द्यायचं. त्यानं कुंडी भरलीही. घरात पेरायला दुसरं काही नव्हतं, बाजारात जायचा कंटाळा आला. मग डब्यातले ते चारच दाणे त्यानं पेरले. ‘उगवले की चार झाडं होतील, कुठे जातात?’ असं स्वतःला सांगितलं.

पण तीन आठवडे थांबणार कोण? ऊन वाढत होतं, शिंपी पायरीवर उभा होता, आणि हुकूम मागितला की खात्याची छाती दोन इंच फुगायची. त्यानं त्याच दिवशी फळ्यावर लिहिलं : ‘कुंड्यांत वाळकं गवत पसरा. चार बोटं जाड. खोडापासून दोन बोटं लांब. पाणी सकाळीच, मुळाशी.’

दोन दिवसांत गल्लीतल्या सगळ्या कुंड्या पिवळ्याधमक झाल्या. चार बोटं म्हणजे चारच बोटं. शिंप्यानं तर टेप लावून मोजलं.

घेवडा उगवला. पहिली दोन पानं छान रुंद आली. तिसरं पान आलं ते वाटीसारखं आत वळलेलं. खात्यानं ते बोटानं उलगडून पाहिलं, सोडलं, ते पुन्हा वळलं. मनात शंकेची पाल चुकचुकली. तुडतुडे असतील, म्हणून त्यानं कडुनिंबाचं पाणी मारलं. चार दिवसांनी शेंडे पिळल्यासारखे झाले. चारही रोपांचे, एकाच तऱ्हेनं. तुडतुडे असे शिस्तीत येत नाहीत, हे त्याला तीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं.

तो मैदानावर गेला. तिथला माणूस नळीनं पाणी मारत होता. मैदान डोळे दिपावेत असं हिरवं होतं. एक आगंतुक पान नाही.

“तण दिसत नाही कुठे,” खातं म्हणालं.

“कसं दिसेल काका? औषध मारलंय ना. रुंद पानाचं जे असेल ते खलास. गवताला ढिम्म काही होत नाही.”

“कापायच्या आधी मारलंत?”

“आधीच की. का हो? कमी पडलं का गवत? अजून दहा पोती आहेत.”

खातं परत फिरलं. येताना त्यानं गल्ली पाहिली. प्रत्येक दारात, प्रत्येक खिडकीत, चार बोटं जाड गवत. रोज सकाळी त्यावर पाणी पडत होतं आणि पाण्याबरोबर ते औषध मुळाशी उतरत होतं. त्यानंच लिहिलं होतं तसं, सकाळी, मुळाशी. आपण घरोघरी जाऊन विष ठेवून आलो, असं त्याला वाटलं, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

शिंप्यानं हाक मारली. “खातं, जरा बघा. टोमॅटोचे शेंडे मान टाकतायत. पाणी कमी पडतंय का?”

खात्यानं पाहिलं. वळलेली पानं, पिळलेले शेंडे. आता तरी तोंड उघडायचं होतं. पण म्हणाला काय, “ऊन लागलंय. सावली करा.”

शिंप्यानं लगेच जुन्या चादरीची सावली बांधली. किती विश्वास असावा माणसाचा! खातं तीन दिवस घराबाहेर पडलं नाही. खिडकीतून दिसायचं : आज बेकरीवालीच्या मिरच्या, उद्या कोपऱ्यावरची वांगी. एकेक दार करत ते पुढे सरकत होतं. ताईचं घर गल्लीच्या शेवटी होतं.

चौथ्या दिवशी तो ताईच्या गच्चीवर गेला. बारा कुंड्या, बाराही घेवड्याच्या, आणि गवत चार बोटं नाही, चांगलं आठ.

“तू चार सांगितलंस, मी दुप्पट घातलं,” ताई गुडघा चोळत म्हणाली. “भाऊ कुणाचा आहे शेवटी! पण पानं बघ की रे. मुठी आवळल्यासारखी झालीत.”

खातं गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी गवत ओढून काढायला लागलं.

“अरे, का काढतोस?”

“वारा लागू दे.”

“हळू रे धाकट्या, मुळं उपटशील.”

त्यानं बारा कुंड्या मोकळ्या केल्या, पाणी ओतून ओतून माती धुतली. पण पिळलेला शेंडा सरळ होत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? शेवटी विचारलं, “दाणे किती ठेवलेस मागे?”

“एकही नाही. दाणे जुने होत चालले होते, सगळे पेरून टाकले. एवढं तोंड काय पाडतोस? माझं गेलं तरी तुझा डबा आहे ना. पुढच्या हंगामात दे मूठभर. आईनं दोन डबे उगाच नाही दिले.”

“हं,” खातं म्हणालं.

ती त्याला जिन्यापर्यंत सोडायला आली. पायऱ्या उतरताना दोनदा त्याच्या तोंडाशी शब्द आला. दोनदा त्यानं गिळला.

दुसऱ्या दिवशी सोमवार नव्हता, तरी सकाळी फळा भरलेला होता.

‘गवत सगळं काढा. त्यात तण मारायचं औषध आहे. ते खतात टाकू नका, मैदानावर परत द्या. माती बदला. मिरची, टोमॅटो, वांगी, घेवडा यंदा पुन्हा लावू नका. पारखून न बघता मी सांगितलं. चूक माझी.’

आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात : ‘माझा डबा रिकामा आहे.’

गल्ली जमली. शिंपी फळ्याकडे बघत राहिला, मग दुकानात गेला, चादर सोडून आणली आणि घडी घालत बसला. खात्याला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. खालच्या ओळीचा अर्थ कुणालाच लागत नव्हता. बेकरीवाली म्हणाली, “जेवणाचा डबा असेल. बिचारा एकटा राहतो.”

मग भिंतीला धरत धरत ताई आली. तिला चष्म्यातूनही वाचायला वेळ लागायचा. ती वरून खाली एकेक ओळ वाचत गेली. शेवटच्या ओळीवर थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि पुन्हा तिथंच थांबली. खातं दारात उभं होतं, हातात अजून खडू.

ताईनं तळहातानं ती शेवटची ओळ पुसली. नीट, एक अक्षर मागे न ठेवता. बाकीचं तसंच राहू दिलं.

“हे गल्लीचं नव्हतं,” ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. “काल गच्चीवर माझ्यासमोर बसला होतास.”

पांढरा झालेला हात तसाच पुढे धरून ती घराकडे निघाली. त्यानं “ताई” अशी हाक मारली. एवढ्या वर्षांत गल्लीनं त्याचा आवाज इतका मोठा ऐकला नव्हता. ती थांबली नाही.