गुडघ्याची ओळ

अन्वी, ईशान, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही म्हणालात, फोन क्षणात फ्रेंचचं भाषांतर करतो, मग शाळेत त्यातले बारकावे कशाला घोकायचे? त्यावरून तुमच्या या आजीला गेल्या वर्षीची एक गोष्ट आठवली, ती लिहून पाठवते.

"बाई, कंटेनर बंदराकडं निघालाय. मेल वाचा बिगीबिगी," जनाशेठ म्हणाले.

शाळेत फ्रेंच शिकवून रिटायर झाल्यापासून मी कळंबोलीला त्यांच्या ऑफिसात फ्रेंच पत्रव्यवहार बघते. जनाशेठ मूळचे पनवेलजवळच्या विचुंब्याचे. छपराचे पत्रे आफ्रिकेत डाकारला पाठवतात, तिथे फ्रेंच चालते. तिकडे माल घेणारे मामादू, त्यांचं जुनं गिऱ्हाईक.

मामादूंच्या पत्त्यावरून आलेल्या मेलमध्ये एकच मागणी होती. बिल ऑफ लेडिंग दुसऱ्या नावाने करा. हा जहाजाचा कागद. त्यावर ज्याचं नाव, त्याच्या ताब्यात माल. नवीन नाव एका बाईचं होतं, आम्ही कधी न ऐकलेलं.

"फोननं इंग्लिश करून दिलंय. सरळ हाय की," जनाशेठ म्हणाले.

मला सरळ वाटेना. फ्रेंच निर्दोष होती, मामादूंची कधीच नसे. अक्षरांवरच्या खुणा ते हमखास विसरत. जनाशेठना ते 'तू' म्हणत, इथे 'तुम्ही' होतं. फोनच्या इंग्रजीत दोन्हींचं 'यू' झालेलं. शेवटी दफ्तरी नमस्कार, अगदी व्याकरणाच्या पुस्तकातला.

आणि गुडघा नव्हता.

मामादूंची प्रत्येक मेल जनाशेठच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करूनच सुरू होई. सुरुवातीला भाषांतरात मी ती ओळ गाळत असे. धंद्याच्या पत्रात शोभत नाही, असं माझं मत. जनाशेठना कळलं तेव्हा ते म्हणाले होते, "गुडघा गाळू नका बाई. त्या गुडघ्यावरच धंदा उभा हाय."

"कंटेनर थांबवा," मी म्हणाले.

"जहाज चुकंल. मामादू तिकडं तोंडघशी पडंल."

"आणि माल भलत्याच्या हाती गेला तर?"

त्यांनी ड्रायव्हरला थांबवलं. मग मी मामादूंचा जुना नंबर लावला, स्पीकरवर. एक तरुण बाई बोलली. "मी आवा, त्यांची मुलगी. बाबा गेले. दुकान आता मी बघते."

ते मी जनाशेठना मराठीत सांगितलं. नाव मेलमधलंच होतं. तरी माझा विश्वास बसला नाही. फोन कोणाच्याही हाती पडू शकतो.

"तिला इचारा," जनाशेठ हळूच म्हणाले, "बाप पैल्या ओळीत काय लिवायचा?"

मी विचारलं. 

"पनवेलच्या आईचा गुडघा," ती म्हणाली. "मी मुद्दाम गाळला, बाबा गेल्याचंही लिहिलं नाही. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, धंद्याच्या पत्रात घरचं काही लिहायचं नाही."

वर्गात मीही तेच शिकवत आले होते.

मी तेही मराठीत सांगितल्यावर जनाशेठनी ड्रायव्हरचा नंबर काढला. मग म्हणाले, "सांगा तिला, गुडघा हाय तसाच हाय. आनि कंटेनर सोडतो म्हनावं."

कागद आवाच्या नावाने झाला. जहाज मिळालं.

तेव्हा व्याकरण नीट शिका, त्याशिवाय पत्रातला बदल डोळ्यांना दिसणार नाही. दिसला की लगेच कोणाला चोर ठरवू नका. आधी फोन करा.

आवा जनाशेठना अजून 'तुम्ही'च म्हणते. तिच्या फ्रेंचमध्ये मला आजही चूक सापडत नाही. पहिली ओळ मात्र गुडघ्याची असते.