फिरत्या विटा

जागा अडवून बसलेल्या मालकांचा मला संताप यायचा. अचानक बांधायला निघालेल्या मालकांचा संशय येऊ लागला तो शहरी जमिनींचा नवा कायदा आल्यापासून. बांधकाम नसलेली मोठी मोकळी जागा सरकार घेणार हे कळताच आमच्या शहराच्या पूर्व भागातल्या पडक्या माग-कारखान्याचा मालक हलला. इतकी वर्षं तिथं बाभळी माजल्या होत्या, आणि शेजारच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या अक्काच्या एकाच खोलीत माग, चूल आणि अख्खं कुटुंब! तिच्या थोरल्याचं लग्न त्या खोलीपायीच मोडायचं. मुलीकडचे आत डोकावायचे आणि उठायचे.

आम्ही चळवळीतल्या पोरांनी पत्रकं वाटली : ‘बांधा, नाहीतर सोडा!’ मालक हसत आला. “बांधतो की! अक्का, पहिली खोली तुझ्या पोराला.”

जागेवर विटा येऊन पडल्या. अक्कानं त्यांना हळदकुंकू वाहिलं. मी मात्र ढिगाभोवती पोलिसासारखा फिरलो. एका विटेवर कुत्र्याचा पंजा होता, ओल्या मातीत उमटून तसाच भाजला गेलेला.

सरकारी साहेब पाहणी करून गेले आणि विटा बैलगाडीत बसून चालत्या झाल्या. पुढं स्टेशनाकडं, याच मालकाच्या दुसऱ्या मोकळ्या जागेवर, मला तोच पंजा दिसला. साहेब जाणार तिथं विटा आधी हजर!

मी तडक पत्रक लिहायला घेतलं. अक्का आडवी आली.

“छापू नको रे बाबा. सरकार जागा घेईल, तारेचं कुंपण घालंल. मग पोराचं लगीन कुंपणात लावू का मी?”

मालकानं हिला फोडलं की काय, अशीही शंका मला आली. “मग विटा अशाच गावभर फिरू द्यायच्या?”

“साहेब परत येणार हाय न्हवं? विटाबी येतील की.”

आल्या. साहेब बघून गेले. मागोमाग बैलगाडी आली, तर गल्लीतल्या बायका ढिगावर बसलेल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं. विड्या वळणं चालू.

“उठा की ओ!” गाडीवान ओरडला.

“हात मोकळा न्हाय,” अक्का म्हणाली.

रोज हेच. घरातलं काम तिथं, बसणं तिथं, भांडणंही तिथंच. शेवटी मालक स्वतः आला.

“अक्का, विटा माझ्या हायत.”

“तुमच्याच की. भिंतीत घाला, आमी उठतो.”

मालक माझ्याकडं वळला. “हे तुमचंच डोकं!”

“माझं असतं तर आधी पत्रक निघालं असतं,” मी म्हणालो.

गवंडी आला. पाया भरला, जोतं वर आलं. आणि सिमेंट तेव्हा सरकारी परवान्यावरच मिळायचं, ते परमिट अडलं म्हणून काम थांबलं. कुणी अडवलं? मी कचेरीत विचारत फिरलो. कुणालाच ठाऊक नव्हतं. परतलो तेव्हा अक्का जोत्यावर उभी राहून मुलीकडच्या माणसांना दार कुठं येणार ते हातानं दाखवत होती. काम थांबलेलं असूनही मालक शेजारी उभा राहून खुशीत मान डोलवत होता. ते मला बिलकूल आवडलं नाही.