हिरड्याच्या कुंडातली नाल

हिरडा फोडायचा तो दगडी उखळात, लाकडी मुसळानं. मामांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पोरी, हिरड्याला लोखंड दाखवायचं न्हाई." मला वाटलं, हे कुटण्यापुरतंच असेल. आमच्याकडंही काही औषधं लोखंडी खलात कुटत नाहीत. का, असं मी विचारलं नाही. सहावीत शाळा सुटली तेव्हापासून 'का' म्हणून विचारायची माझी सवयच गेली होती.

मामा म्हणजे कुंडावरचे जुने कारागीर. आणे गावचे. वय झालेलं, पण कातडं हातात घेतलं की डोळे मिटून सांगत, अजून किती दिवस भिजायला हवं. कातडी कमावण्याचा तो कारखाना जुन्नर-घोडेगाव रस्त्यापासून आत, ओढ्याच्या काठाला होता. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. आम्ही नवराबायको नांदेडकडून आलो होतो आणि मालकानं दिलेल्या पत्र्याच्या खोलीत राहत होतो. गावाकडं सासऱ्यांना एवढंच कळवलं होतं की पुण्याकडं कंपनीत काम लागलं. धर्मांतरानंतर त्यांनी मेलेलं जनावर ओढणं सोडलं होतं, त्यापायी मार खाल्ला होता. त्यांचा मुलगा पुन्हा कातड्यातच हात घालतोय, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार?

हे ड्रमवर होते. फिरत्या ड्रममध्ये क्रोमचं रसायन टाकलं की एका दिवसात कातडं तयार, निळं होऊन बाहेर येई. क्रोमचं पाणी हे पिंपात स्वतः बनवायचे. नारिंगी पावडर, तेजाब आणि गूळ. पहिल्यांदा गूळ बघून मी म्हटलं होतं, "कातड्याला नैवेद्य दाखवता का?" तेव्हा सगळे हसले. मग त्या पिंपातून धूर उठला आणि मी खोकत बाहेर पळाले. हे तिथंच उभे राहिले, रोज उभे राहायचे.

वर्षाच्या आत बोटांच्या पेरांवर खड्डे पडले. मुगाच्या दाण्याएवढे, कडा टणक, मध्ये खोल. दुखत नाहीत म्हणून हे चेष्टा करायचे, "बघ, सरकारी शिक्के मारलेत." पुढं नाकातून रक्त यायला लागलं, खपल्या पडायला लागल्या, तेव्हा चेष्टा थांबली. ओढ्याचं पाणी खालच्या शेतातले लोक गुरांना पाजत नव्हते. आमच्यासमोर कुणी बोलत नसे, गुरं फक्त लांबून वळवून नेत.

मामांची कुंडं मागच्या अंगाला होती. आधी बाभळीच्या सालीचं पाणी, मग हिरड्याचं. कातडं दीड-दोन महिने त्यात मुरायचं. मालकाला ते परवडत नव्हतं, मामांच्या भिडेपोटी दोन कुंडं राहिली होती एवढंच. अशात पुण्याचा एक व्यापारी आला. त्याच्या चपला परदेशात जात, आणि तिकडच्या लोकांना क्रोमचं कातडं नको होतं. मालकानं त्याच्यासाठी बकऱ्याची वीस कातडी हिरड्यात टाकायला सांगितली. आम्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "माल पसंत पडला तर ड्रम बंद, सगळी कुंडं चालू. न्हाई पडला तर कुंडं बुजवून टाकायची. रोजचा वाद नको."

त्या दिवसापासून मला झोप नाही. ड्रम बंद झाला की हे कुंडावर येणार, मामांच्या हाताखाली. यांच्या हातांचे खड्डे भरून येतील. माझं सगळं त्या वीस कातड्यांत होतं.

महिनाभरानं तळेघरकडून हिरड्याची पोती घेऊन टेंपोवाला आला. मामांनी एक कातडं वर काढून त्याला दाखवलं. फिकट पिवळसर, साईसारखं. तो म्हणाला, "आरं राव! लई भारी. असलं तर म्या बघितलंच न्हाई कधी." मामा खूश झाले. मला मात्र त्याचं बोलणं खटकलं. इतकी उघडी नजर!

आमच्याकडं असलं मानत नाहीत. पण बाळंतपणात आईनं माझ्या उशाखाली विळा ठेवला होता आणि सासऱ्यांना दिसू नये म्हणून वर चादर ओढली होती. लोखंड असलं की नजर लागत नाही. घोडेगावच्या बाजाराबाहेर रस्त्यात सापडलेली घोड्याची एक नाल माझ्याकडं होती. मामा जेवायला गेले तशी ती लुगड्याच्या चिंधीत बांधून मी कुंडाच्या तळाशी सोडली.

व्यापारी आला त्या सकाळी मामांनी कातडी काढली. वरची बरी होती. खालची काळीनिळी. कुणी शाईची दौत उपडी करावी तसे डाग. मामांनी पाणी ओंजळीत घेतलं, वास घेतला, मग खांद्यापर्यंत हात बुडवून तळ चाचपला. नाल वर आली.

"हिरड्याला लोखंड लागलं की शाई व्हते," ते हळूच म्हणाले.

मालक ओरडला, "कुणी टाकलं हे?"

मी तोंड उघडलं. यांनी माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाले, "गप. खोली जाईल."

मामा म्हणाले, "माझ्याकडनंच पडलं असंल, मालक. वय झालं."

"वय झालं तर घरी बसा की!" मालक म्हणाला. व्यापारी गाडीत बसून निघून गेला. आठवड्यात कुंडांवर मुरूम पडला. मामा पिशवी घेऊन गेले. माझ्याकडं बघून फक्त मान हलवली.

हे आणखी सहा वर्षं ड्रमवर होते. शेवटी डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून सांगितलं, मधल्या पडद्याला आरपार भोक पडलंय. वास तर कधीच गेला होता.

त्यानंतर एकदा मी एस.टी.नं आण्याला गेले. मामा ओट्यावर बसले होते. मी पायाशी बसले आणि सांगून टाकलं, "मामा, ती नाल मी टाकली होती."

"ठाव हाय. तुझ्याच लुगड्याची चिंधी व्हती ती, म्या पाण्यातच सोडून टाकली."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय? तुमी लांबची माणसं. मालकानं त्याच दिवशी हाकललं असतं. कुठं गेला असता? निदान पावण्याचं काम तरी ऱ्हायलं." आमच्या यांना ते पहिल्या दिवसापासून पावणंच म्हणत. मग कौतुकानं विचारलं, "ड्रमवरच हाय ना अजून? बरं हाय ना पावणं?"

"बरे आहेत," मी म्हटलं. "तुमच्यामुळं."