चोरून खाल्लेली मुशी

माझी आई शेवंताबाई. हिला दुसऱ्याचं बरं झालेलं कधी बघवलंच नाही. जावेनं नवी परात आणली तरी हिच्या पोटात दुखायचं. पण माझ्या जन्माच्या वेळी ती जळली, ते काही उगाच नव्हतं.

पावणे गावाजवळ खाडीकाठी आमचं घर. पंच्याहत्तर साली आई आणि माझी काकू सरस्वती, दोघी पहिलटकरणी, एकाच महिन्यात बाळंत झाल्या. काकूला मुलगा झाला, दिलीप. आईला मी. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आमच्यात मुशीचं, म्हणजे लहान शार्कचं, कालवण देतात. कारखान्यांचं रंगीत पाणी तेव्हाही खाडीत सुटायचं, मासळीला रॉकेलचा वास मारायचा, पण घरात तीच शिजायची. आजी मुशी वाढायची काकूला, मुलाची आई ना ती! आईपुढे नुसता जवळा, बारीक सुकी कोळंबी. आईला दूध कमी आणि राग जास्त. मी भुकेनं घर डोक्यावर घ्यायची.

मग आईनं शक्कल काढली. काकू दिलीपला पाजायला बसली की ही टोपातले तुकडे गुपचूप खायची. मी चांगलं बाळसं धरलं. पुढं मला न्हाऊ घालताना ती पुटपुटायची, "तिच्या नाकावर टिच्चून वाढवली तुला." दिलीप शर्यतीत माझ्यापुढं गेला की त्या दिवशी तिला जेवण जायचं नाही.

मी चौथीत असताना खाडीच्या चिखलात एक डॉल्फिन मरून पडली, शेजारी तिचं पिल्लू. गाव गोळा झालं. मुंबईच्या कॉलेजातल्या चारुलताबाई तिच्या चरबीचा तुकडा बाटलीत घालत होत्या.

"कशानं मेली वो?" आईनं विचारलं.

"ते तपासल्यावर कळेल. पण कारखान्यांची रसायनं लहान माशांतून मोठ्या माशांत जातात, तिथून हिच्या चरबीत साठतात. मग दुधातून पिल्लाला. पहिल्या पिल्लाला सगळ्यात जास्त."

"आनि बाईमानसाचं दूद?"

बाई खाली बघून बाटलीचं झाकण लावत राहिल्या.

आईनं माझा दंड असा धरला की वळ उठले. घरी येऊन तिनं काकूला बाईंचं सगळं बोलणं सांगितलं आणि म्हणाली, "सरस्वती, तुज्या वाटची मुशी मी चोरून खाल्ली. पोरीला जहर पाजलं गं मी."

काकू तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. "चोरून कसली, बाय? मना ठावं होतं. तुजी पोर रडायची, म्हनून मीच कमी खायची. टोपात तुज्यासाठी ठेवायची."

दुसरी कुणी असती तर तिच्या गळ्यात पडली असती. आई खवळून उठली.

"म्हंजे तुज्या पोराला जहर कमी गेलं! हितंबी तुजंच पोर जिकलं!"

दिलीप अंगणात विटी टोलवत होता. आई त्याच्याकडे बघत राहिली, मग मला पोटाशी घेऊन ढसाढसा रडली.