सेलरीचा घट

पुडीत चिमूटभर बी उरलं होतं आणि बागेवरचे दारोगासाहेब माझ्यासमोर उभे होते.

"सखाराम, दोन डाव वाफ्यात टाकलंस, एक कोंब न्हाई. हे बी गेलं का तुझी नौकरीबी गेली. समजलं?"

"समजलं, साहेब."

निजामाची अमदानी होती. बीडच्या सरकारी बंगल्याच्या बागेत मी माळी होतो, पण अजून पक्का झालो नव्हतो. हैदराबादहून आलेल्या मोठ्या साहेबांना सूपमध्ये सेलरी लागायची. सेलरी म्हणजे कोथिंबिरीच्या कुळातली विलायती भाजी, तिचे जाड देठ खातात. बी ओव्याहून बारीक. खोल गेलं तर उगवत नाही, झारीच्या पाण्याने वाहून जातं, उन्हाने करपतं. हे सगळं मी दोन डाव बी घालवून शिकलो.

घरी आई नवरात्राचा घट बसवत होती. पत्रावळीवर माती, मातीत धान, मधोमध पाण्याचं कोरं मडकं. मडकं पाझरतं आणि माती ओली राहते.

बायको म्हणाली, "अवं, तुमच्या बियाला वरून पाणी चालत न्हाई ना? मग त्याचाबी घट बसवा की!"

मी कपाळावर हात मारला. परातीत चाळलेली माती घेतली, बी वाळूत मिसळून नुसतं वर भुरभुरलं, मधे मडकं ठेवलं. परात खिडकीपाशी, उजेडात पण उन्हाबाहेर.

दसरा आला. देवीचं धान वीतभर वाढलं, ते मी पटक्यात खोवलं. परात मात्र काळीच. आई घाबरली.

"न उगवलेला घट घरात ठेवू न्हाई. नदीत सोडून ये."

बायको परातीपुढे आडवी झाली. "आत्याबाई, देवीचा घट नऊ दिसांचा. ह्यो सरकारी हाय. सरकारी काम नऊ दिसांत होतंय व्हय?"

आईला हसू फुटलं. परात वाचली.

अठराव्या दिवशी मातीवर हिरवी लव दिसली. मी परातीभोवती अक्षरशः नाचलो. रोपं बोटभर झाल्यावर रोज थोडा वेळ उन्हात ठेवून सवय लावली, मग बागेत चरात लावली. ऐन थंडीत मोठ्या साहेबांनी चरातलाच देठ मोडून कचाकचा खाल्ला.

दारोगासाहेबांनी त्याच दिवशी मला पक्का केला. पुढच्या साली विलायती बियाणं आलं, तेव्हा ते स्वतः आमच्या दारात आले आणि पुडी सरळ माझ्या बायकोच्या हाती दिली.

माळ्याने आधी घरी विचारावं. बी कमी वाया जातं.